बर्फाळ हिवाळ्यात रिअर-व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कार: चालवावी की उभी ठेवावी?

फोर्ड मस्टँग, माझदा एमएक्स-५, टोयोटा जीआर८६, निसान झेड, बीएमडब्ल्यू एम२ या गाड्यांत इंजिनाची सगळी ताकद मागच्या दोन चाकांना मिळते. पुढची चाके गाडी वळवतात, मागची ढकलतात. कोरड्या रस्त्यावर या विभागणीमुळे स्टिअरिंग हलके राहते आणि वळणावर गाडी हाताला हवी तशी फिरते. रस्ता बर्फाने झाकला की हीच विभागणी अडचणीची ठरते, कारण ढकलणाऱ्या चाकांवर वजन बेताचे आणि ताकद भरपूर असते. कॅनडात, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या थंड राज्यांत आणि जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांना दर ऑक्टोबरमध्ये तेच तीन प्रश्न पडतात: ही गाडी हिवाळ्यात चालते का, चालवायची तर काय बदलावे लागते, आणि चालवायची नसेल तर चार-पाच महिने तिचे काय करायचे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक गाड्यांच्या बाबतीत 'हो' असे आहे, मात्र चारही चाकांना विंटर टायर असतील तरच. ती अट पाळणे शक्य नसेल तर गाडी उभी ठेवण्याचा भाग थेट वाचावा.

दोष मागच्या चाकांचा किती आणि टायरचा किती

'फोर-व्हील ड्राइव्ह म्हणजे बर्फात सुरक्षित, रिअर-व्हील ड्राइव्ह म्हणजे धोका' ही समजूत अर्धीच खरी आहे. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागेवरून सुटते आणि चढ चढते. थांबणे आणि वळणे या दोन गोष्टींत मात्र तिचा काही उपयोग नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात आणि ते शेवटी टायरच्या पकडीवरच अवलंबून असतात. अपघात बहुधा थांबता न आल्यामुळे किंवा वळण न मिळाल्यामुळे होतात. गाडी सुटली नाही म्हणून फार तर उशीर होतो.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर हेच अंतर ४० मीटरच्या घरात जाते आणि गुळगुळीत गोठलेल्या थरावर १०० मीटरच्या आसपास. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले अंतर यात धरलेले नाही. वेग ताशी ३० वर आणला तर गोठलेल्या थरावरचे १०० मीटर ३५ वर येतात. गाडी कोणत्या चाकांनी ढकलली जाते याचा या आकड्यांशी संबंध नाही.

रिअर-व्हील ड्राइव्हचा स्वतःचा दोष एवढाच की चूक झाली तर मागची बाजू बाहेर फेकली जाते. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडी अशा वेळी सरळ पुढे घसरत जाते आणि नवख्या चालकाला ते सांभाळणे सोपे जाते. मागची बाजू फिरू लागली तर सावरायला वेळ फार थोडा मिळतो. २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेत आणि २०१४ च्या अखेरीपासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचे आहे. गाडी फिरू लागल्याचे ओळखून ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते आणि इंजिनाची ताकद कमी करते. त्यामुळे आजची मस्टँग तीस वर्षांपूर्वीच्या मस्टँगपेक्षा बर्फात कितीतरी समजूतदार वागते. पण ही यंत्रणाही टायरजवळ असेल तेवढीच पकड वापरू शकते.

टायरचा निर्णय

नवी स्पोर्ट्स कार बहुधा समर टायरवर येते आणि सगळ्या घोटाळ्याची सुरुवात तिथून होते. समर टायरचे रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते. बर्फ नसलेल्या कोरड्या पण थंड रस्त्यावरही त्याची पकड कमी झालेली असते. उणे ७ अंशांच्या खाली गेल्यावर अनेक अतिवेगवान समर टायरच्या रबराला तडे जाऊ शकतात. म्हणून काही उत्पादक अशा थंडीत गाडी जागची हलवूही नये असे बजावतात. थंडीने गेलेले तडे वॉरंटीत सहसा बसत नाहीत. 'बर्फ पडेल तेव्हा बघू' हा बेत त्यामुळे चुकीचा आहे. जर्मनीत टायरसाठी 'ऑक्टोबर ते ईस्टर' असा सोपा हिशेब सांगतात. टोरांटो किंवा शिकागोलाही तो थोड्याफार फरकाने लागू पडतो.

विंटर टायरच्या रबरात थंडीत मऊ राहणारी द्रव्ये असतात आणि त्याच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात. या चिरांत आणि खाचांत बर्फ भरतो आणि तो रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. खाच झिजून उथळ झाली की हा गुण जातो. कायद्याची किमान मर्यादा अनेक ठिकाणी १.६ मिलिमीटर असली तरी बर्फासाठी ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर निरुपयोगी समजावा. कॅनडाचे परिवहन खाते आणि जर्मनीचा एडीएसी हा मोटार क्लब दोघेही हाच आकडा सांगतात.

खरेदी करताना कडेवरची खूण पाहावी. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह म्हणजे टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत उतरलेला आहे. नुसती 'एम प्लस एस' ही अक्षरे उत्पादक स्वतःच छापू शकतो, त्यांच्यामागे चाचणी नसते. कडेवरचा चार आकडी कोडही वाचावा: '३६२३' म्हणजे २०२३ च्या ३६ व्या आठवड्यात बनलेला टायर. सवलतीत मिळणारा टायर किती वर्षे गोदामात पडून होता, हे त्यावरून कळते.

बाजारात साधारण तीन जातींचे पर्याय असतात:

- उत्तरेकडचे मऊ विंटर टायर. मिशेलिन एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझॅक, नोकियन हाकापेलिट्टा ही यांतली ओळखीची नावे. गोठलेल्या रस्त्यावर पकड सर्वांत चांगली. कोरड्या रस्त्यावर गाडी थोडी लिबलिबीत वाटते. मॉन्ट्रियल, ऑटावा, मिनियापोलिस, एडमंटन येथे राहणाऱ्यांनी हेच घ्यावेत.
- परफॉर्मन्स विंटर टायर. मिशेलिन पायलट अल्पिन, पिरेली सोत्तोझेरो यांसारखे. ओला, थंड, अधूनमधून बर्फाचा रस्ता आणि हायवेचा वेग यांसाठी बनवलेले. म्युनिक, फ्रँकफर्ट, न्यू जर्सी अशा ठिकाणी योग्य. निव्वळ बर्फाच्या थरावर पहिल्या जातीपेक्षा कमी पडतात.
- हिमकणाचे चिन्ह असलेले ऑल-वेदर टायर. मिशेलिन क्रॉसक्लायमेट २ सारखे. वर्षात चार-दोनदाच बर्फ पडत असेल तर चालतात. साधे ऑल-सीझन टायर यात येत नाहीत; नावातले साम्य फसवे आहे.

टायर नेहमी चारही बदलावेत. 'ताकद मागे जाते, तर मागचे दोनच बदलू' हा विचार पैसे वाचवणारा वाटतो, पण त्यामुळे गाडी सुटते, आणि पहिल्याच वळणावर पुढची चाके ऐकत नाहीत. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो आणि तिथे समर टायर असतात. उलट, फक्त पुढचे बदलले तर ब्रेक लावताच मागची बाजू पुढे येऊ पाहते. दोन्ही गोष्टी धोक्याच्याच.

मापाबाबतही स्पोर्ट्स कारवाल्यांना उलटे वागावे लागते. बर्फात अरुंद टायर आणि उंच कड बरी. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो. उंच कड खड्ड्यांत रिम वाचवते. सध्याच्या एमएक्स-५ ला १७ इंची चाकांवर २०५/४५ आणि १६ इंचींवर १९५/५० अशी दोन्ही मापे कारखान्यातूनच मिळतात. हिवाळ्यासाठी १६ इंची संच घेणे शहाणपणाचे. मात्र ब्रेम्बो ब्रेक असलेल्या एमएक्स-५ ला १६ इंची रिम बसत नाही. ब्रेकची ही अडचण अनेक गाड्यांत येते, म्हणून माप ठरवताना गाडीच्या पुस्तकातले किंवा दारावरच्या पट्टीवरचे पर्यायच पाहावेत. मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतील, तर चारही समान मापाचे बसवायला उत्पादकाची परवानगी आहे का, हे विचारून घ्यावे.

वेगळ्या रिमांवर बसवलेला दुसरा संच पहिल्या वर्षी महाग वाटतो. पण दर हंगामात टायर रिमवरून काढून पुन्हा चढवण्याची मजुरी वाचते, मिठाच्या पाण्यात मूळची चांगली रिम खराब होत नाहीत आणि दोन्ही संच जास्त वर्षे टिकतात. नव्या रिमांत टायरमधल्या हवेचा दाब सांगणारे सेन्सर बसवून घ्यावेत. चाके बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा ठरलेल्या ताणाने आवळून घेणे विसरू नये.

कोणती गाडी, कोणता रस्ता

सगळ्या रिअर-व्हील ड्राइव्ह गाड्या सारख्या नसतात. मस्टँगसारख्या गाडीत जड इंजिन पुढे आहे, म्हणून मागे वजन कमी आणि ताकद जास्त; हिला सर्वांत जपून चालवावे लागते. एमएक्स-५ मध्ये वजन पुढे-मागे जवळपास समान विभागलेले आहे आणि ताकद माफक, त्यामुळे विंटर टायरवर ती अनेकांना वाटते त्याहून बरी चालते. पोर्शे ९११ मध्ये इंजिनच मागच्या चाकांच्या मागे असल्यामुळे सुमारे ६० टक्के वजन मागे येते. सुटताना पकड उत्तम, पण वळणात अचानक पाय काढला तर तेच वजन गाडी फिरवते.

खरी मर्यादा बहुतेकदा उंचीची असते. स्पोर्ट्स कारचे पोट रस्त्यापासून साधारण १२ ते १४ सेंटीमीटरवर असते. त्याहून खोल ताज्या बर्फात गाडी पोटावर बसते, चाके अधांतरी होतात आणि टायर कितीही चांगले असले तरी तिथे काही चालत नाही. त्यामुळे निर्णय घेताना आपल्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतची गल्ली पाहावी. महापालिका सकाळी सहाच्या आत बर्फ काढते की दुपारपर्यंत तसाच राहतो? घराचा उतार उत्तरेकडे, सावलीत आहे का? गाडी रस्त्यावर लावावी लागते का? नांगरगाडी रस्ता साफ करताना कडेला जो टणक ढीग सारून जाते, त्यातून ठेंगणी गाडी बाहेर काढणे हे रोजचे काम होऊ शकते. ज्यांना मोठ्या हिमवादळातही कामावर जावेच लागते, उदाहरणार्थ रुग्णालयात ड्यूटी असणारे, त्यांनी एकमेव गाडी म्हणून ठेंगणी स्पोर्ट्स कार ठेवू नये. घरून काम करण्याची मुभा असेल किंवा दुसरी गाडी असेल, तर अडचण नाही.

थंडीपूर्वीची तयारी

- बॅटरी: उणे १८ अंशांच्या आसपास साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच ताकदीची उरते. चार-पाच वर्षे जुनी बॅटरी नोव्हेंबरआधी तपासून घ्यावी.
- कूलंट: निम्मे पाणी आणि निम्मे अँटिफ्रीज हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. उन्हाळ्यात कोणी नुसते पाणी भरले असेल तर ते काढावे.
- काच धुण्याचे पाणी: उणे ४० अंशांचे द्रावण भरावे. मिठाच्या चिखलाने काच दर काही मिनिटांनी माखते आणि ठेंगण्या गाडीवर तो जास्त उडतो.
- टायरमधली हवा: तापमान १० अंशांनी उतरले की दाब साधारण दीड पीएसआयने घटतो. थंड टायरवर महिन्यातून दोनदा तपासावा.
- दारांचे रबर: चौकट नसलेल्या काचा दार उघडताना किंचित खाली सरकतात. त्या रबराला गोठून चिकटल्या असतील तर जोर लावू नये. काच किंवा मोटर तुटते. आधीच सिलिकॉन लावून ठेवावे.
- कापडी छत: बर्फ मऊ ब्रशने किंवा हाताने काढावा, खरवडणी वापरू नये. गोठलेले छत उघडू नये.

डिक्कीत वाळूच्या गोण्या ठेवाव्यात का, हा जुना प्रश्न आहे. मागे वजन टाकल्याने सुटताना थोडी मदत होते. पण थांबताना आणि वळताना तेच वजन मागची बाजू बाहेर ओढते, आणि ब्रेक दाबल्यावर सुटी गोणी पुढे येऊन इजा करू शकते. विंटर टायर असलेल्या आजच्या गाडीत गोण्यांची गरज नाही. वाळूची एक लहान पिशवी चाकाखाली टाकण्यासाठी ठेवावी, एवढेच.

तिच्याबरोबर लहान फावडे, घोंगडी, टॉर्च, जंपर केबल आणि गाडी ओढण्यासाठी बंपरमध्ये पेचाने बसणारा हूक असावा. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते, फक्त पंक्चर बुजवण्याचे द्रावण आणि पंप असतो, म्हणून मदतसेवेचे सदस्यत्व घेताना 'फ्लॅटबेड' गाडी मिळेल याची खात्री करून घ्यावी. ठेंगणी गाडी साध्या हुकाने उचलली तर पुढचा बंपर तुटतो.

चालवताना

बर्फातल्या चालवण्याचा सारा गाभा एकाच गोष्टीत आहे: ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि स्टिअरिंग यांपैकी एका वेळी टायरकडून एकच काम घ्यावे, आणि तेही हळूहळू. ब्रेक सरळ रेषेत संपवावा, मग वळावे, चाके सरळ होऊ लागली की मगच वेग वाढवावा.

१. निघण्याआधी छत, बॉनेट, दिवे, आरसे, कॅमेरे यांवरचा सगळा बर्फ काढावा. मागचा सायलेन्सरचा पाइप मोकळा आहे का, हे पाहावे. तो बर्फाने बुजला असता इंजिन सुरू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो आणि जीव जातो.

२. 'स्नो' मोड असेल तर तो निवडावा. मॅन्युअल गिअरची गाडी सपाटीवर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडत काढावी. चाक फिरू लागले तर ॲक्सिलरेटर कमी करावा. फिरणारे चाक बर्फाला पॉलिश करते आणि पकड आणखी घालवते.

३. पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर ठेवतो त्याच्या तिप्पट-चौपट अंतर ठेवावे. क्रूझ कंट्रोल बंद ठेवावे.

४. चढ लागण्यापूर्वीच आवश्यक तेवढा वेग घ्यावा आणि चढावर तो तसाच राखावा. पुढे एखादी गाडी अडकलेली दिसली तर खाली सपाटीवरच थांबून ती सुटण्याची वाट पाहावी.

५. पूल, उड्डाणपूल आणि सावलीतली वळणे बाकीच्या रस्त्याआधी गोठतात. तापमान शून्याच्या आसपास असताना बर्फ सर्वांत निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे १५ ची कोरडी थंडी त्या मानाने सोपी. ओला दिसणारा पण चाकांचा आवाज अचानक थांबलेला काळा रस्ता हा बहुधा ब्लॅक आइस असतो.

उतारावर एक सवय मुद्दाम मोडावी लागते. महाराष्ट्रात गाडी शिकलेल्या बहुतेकांना 'ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा' हा धडा मिळालेला असतो, आणि खंबाटकीत किंवा आंबेनळीत तो अगदी बरोबर आहे. रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये मात्र इंजिनाचा रोध फक्त मागच्या चाकांवर येतो. बर्फाळ उतारावर मध्येच खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला, तर मागची चाके हँडब्रेक ओढल्यासारखी जाम होतात आणि गाडी फिरते. खालचा गिअर उतार सुरू होण्यापूर्वी, सपाटीवर घ्यावा, इंजिनाचा वेग जुळवून क्लच हलके सोडावा आणि उतारावर चारही चाकांना लागणारा पायाचा ब्रेक हळुवार वापरावा. मागच्या मोटरवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही हे लागू आहे: पाय काढताच जोरात रोध करणारी रीजनरेशनची पातळी बर्फात कमी ठेवावी.

मागची बाजू घसरू लागली तर

ॲक्सिलरेटरवरचा पाय सौम्यपणे कमी करावा. मॅन्युअल गाडीत क्लच दाबावा. नजर जिकडे जायचे आहे तिकडे, रस्त्याच्या मोकळ्या भागाकडे ठेवावी आणि स्टिअरिंग त्याच दिशेला वळवावे. मागची बाजू उजवीकडे गेली असेल तर उजवीकडे. गाडी सरळ होऊ लागताच स्टिअरिंगही लगेच सरळ करावे. हे दुसरे पाऊल बहुतेक जण विसरतात आणि गाडी उलट्या बाजूला आणखी जोरात फिरते. वळणाच्या मध्यावर घाबरून ब्रेक दाबणे किंवा पाय एकदम काढून घेणे यामुळे वजन पुढे जाते आणि मागची चाके आणखी हलकी होतात.

टक्कर टाळता येणारच नसेल, तर ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरावा. पायाखालची थरथर आणि घरघर म्हणजे एबीएस काम करते आहे. पाय काढू नये. एबीएसमुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी थोडीफार वळवता येते.

पुढची बाजूच सरळ घसरत असेल, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही गाडी वळत नसेल, तर आणखी वळवण्याचा उपयोग नाही. स्टिअरिंग किंचित सैल करावे, वेग कमी होऊ द्यावा, पकड परत येते.

हे सारे हाताच्या अंगवळणी पडायला सराव लागतो आणि तो सार्वजनिक रस्त्यावर करू नये. ऑन्टारियोत मुद्दाम गाडी घसरवत वळवणे 'स्टंट ड्रायव्हिंग'मध्ये मोडते. जागेवरच ३० दिवस परवाना निलंबित होतो आणि गाडी १४ दिवस जप्त होते. हिवाळी प्रशिक्षण देणाऱ्या संस्था हाच योग्य मार्ग आहे. जर्मनीत एडीएसीची सुरक्षित चालनाची केंद्रे आहेत आणि क्युबेकमधल्या मेकाग्लिस या बर्फाच्या ट्रॅकवर पोर्शेचे प्रशिक्षणवर्ग भरतात. नव्या विंटर टायरच्या किमतीत एका दिवसाच्या वर्गाचे शुल्कही धरून ठेवावे. तो खर्च वाया जात नाही.

अडकल्यावर

स्टॅबिलिटी आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याची एकच रास्त वेळ असते ती ही. चाक फिरताच ही यंत्रणा इंजिनाची ताकद तोडते आणि गाडी जागची हलत नाही. बंद केल्यावर चाकांपुढचा-मागचा बर्फ फावड्याने काढावा, पोटाखाली साचलेलाही काढावा, चाकाखाली वाळू टाकावी आणि गाडी थोडी पुढे, थोडी मागे अशी हेलकावत बाहेर काढावी. बाहेर आल्याबरोबर यंत्रणा पुन्हा सुरू करावी. साधे डिफरन्शियल असलेल्या गाडीत घसरणारे एकच चाक फिरत राहते. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल दोन्ही मागच्या चाकांना ताकद पोहोचवते, त्यामुळे जीआर८६ सारख्या गाड्या यात उजव्या ठरतात.

साखळ्या

साखळ्या मागच्या, म्हणजे ताकद मिळणाऱ्या चाकांना लावायच्या असतात. ठेंगण्या गाड्यांत टायर आणि चाकाच्या कमानीमध्ये जागा फार कमी असते; साखळी ब्रेकच्या नळीवर आपटू शकते. काही मापांच्या टायरवर साखळ्या लावायला उत्पादकच मनाई करतात, म्हणून गाडीचे पुस्तक आधी वाचावे. कमी जागेसाठीच्या 'एस क्लास' साखळ्या किंवा कापडी मोजे हे पर्याय चालतात का, ते पाहावे. घरी, कोरड्या अंगणात एकदा लावून पाहिल्याशिवाय प्रवासाला निघू नये.

बे एरियातून लेक टाहोला जाणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाचे नियम नीट समजून घ्यावेत. साखळ्यांच्या सक्तीचे तिथे तीन स्तर आहेत. 'आर-१' असताना ताकद मिळणाऱ्या चाकांना विंटर टायर चालतात, पण साखळ्या सोबत असाव्याच लागतात. 'आर-२' लागू झाला की चारही चाकांना विंटर टायर असलेल्या फोर-व्हील ड्राइव्हलाच सूट मिळते. रिअर-व्हील ड्राइव्हला विंटर टायर असले तरी साखळ्या लावाव्याच लागतात. 'आर-३' मध्ये कोणालाच सूट नाही.

कायदा, विमा आणि आपले हक्क

- क्युबेक: १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात तिथे नोंदलेल्या कारला हिमकणाचे चिन्ह असलेले टायर सक्तीचे. दंड २०० ते ३०० डॉलर.
- ब्रिटिश कोलंबिया: डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून सक्ती, बहुतेक मार्गांवर ३० एप्रिलपर्यंत. किमान खोली ३.५ मिलिमीटर.
- ऑन्टारियो: सक्ती नाही. पण १ जानेवारी २०१६ पासून विंटर टायर बसवणाऱ्याला सवलत देणे विमा कंपन्यांना बंधनकारक आहे. ती आपोआप मिळेलच असे नाही. पावती दाखवून मागून घ्यावी.
- जर्मनी: तारखांची सक्ती नाही, परिस्थितीची आहे. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला थर असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून फक्त हिमकणाचे चिन्ह असलेले टायर चालतात. उल्लंघनाला किमान ६० युरो दंड आणि १ पॉइंट. खिळे असलेले टायर बंद आहेत. गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी वेगाचा विंटर टायर बसवता येतो, पण तो वेग सांगणारे स्टिकर चालकाच्या नजरेसमोर लावावे लागते.

जर्मनीत चुकीच्या टायरवर अपघात झाला तर समोरच्याची भरपाई विमा देतो, पण स्वतःच्या गाडीची भरपाई गंभीर निष्काळजीपणाच्या कारणाने कापली जाऊ शकते. भाड्याने स्पोर्ट्स कार घेतली तर टायर कोणते आहेत हे बुकिंगच्या वेळीच लेखी विचारावे. रस्त्यावर पोलिसांनी अडवले तर जबाबदारी स्टिअरिंगवर बसलेल्याची असते. ताब्यात घेताना टायरवरच्या खुणेचा फोटो काढून ठेवावा.

मिठापासून बचाव

रस्त्यावर टाकलेले मीठ उणे ९-१० अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, म्हणून कडक थंडीत त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. ही द्रव्ये ओलावा धरून ठेवतात आणि गाडीच्या पोटाला चिकटून राहतात. गंज वरच्या रंगावर दिसतो तेव्हा आत बराच पसरलेला असतो. तापमान शून्याच्या वर जाईल त्या प्रत्येक आठवड्यात गाडीचे पोट पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवावे. कॅनडात दर शरद ऋतूत पोटाला तेलाचा फवारा मारून घेण्याची पद्धत आहे, आणि जी गाडी दहा वर्षे ठेवायची आहे तिच्यासाठी तो खर्च जरूर करावा. जुन्या, संग्रही ठेवण्याजोग्या गाडीला मात्र मिठात नेऊच नये. तिचे नुकसान नंतर भरून येत नाही.

उभी ठेवायची ठरल्यास

गाडी धुऊन, पूर्ण कोरडी करून झाकावी. टाकी भरून त्यात इंधन टिकवणारे द्रावण घालावे आणि ते सगळीकडे पोहोचावे म्हणून दहा मिनिटे इंजिन चालवावे. ऑइल बदलून ठेवावे, कारण वापरलेल्या ऑइलमधली आम्ले महिनोन्महिने आत राहणे चांगले नाही. बॅटरीला चार्ज राखणारे यंत्र जोडावे. हँडब्रेक ओढू नये, ब्रेकचे पॅड चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना अडसर लावावा. टायरमध्ये थोडी जास्त हवा भरावी. हवा आत घेणारी आणि सायलेन्सरची तोंडे उंदरांपासून बंद करावीत आणि तशी चिठ्ठी स्टिअरिंगला लावावी. मधूनच पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करू नये. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि बॅटरीही उतरते.

विम्याचा खर्च इथे वाचवता येतो. ऑन्टारियोत 'ओपीसीएफ १६' या जोडपत्राने रस्त्यावर चालवण्यासंबंधीचे संरक्षण तात्पुरते थांबवता येते. चोरी-आगीचे संरक्षण तसेच राहते. ते पुन्हा सुरू करून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर आधी कर्ज देणाऱ्याची परवानगी लागते. जर्मनीत हंगामी नंबरप्लेट मिळते, दोन ते अकरा महिन्यांची. उरलेल्या महिन्यांत गाडी चालवता येत नाही, सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. खासगी जागा लागते.

वसंतात गाडी बाहेर काढताना घाई करू नये. दुपारी ऊन पडले तरी पहाटेचे तापमान ७ अंशांच्या खाली असेल तर समर टायर थंडच असतात, आणि एखाद-दोन जोरदार पाऊस होऊन रस्त्यावरचे मीठ धुऊन जाईपर्यंत थांबणे गाडीच्या हिताचे असते. पुढच्या हिवाळ्यासाठी टायर बदलण्याची वेळ सप्टेंबरमध्येच ठरवून ठेवावी. पहिल्या बर्फानंतर दुकानांत दोन-तीन आठवडे जागा मिळत नाही.